उमुनमच्या माथ्यावरचा रडारचा बुरूज: ठेवावा की पाडावा?

कातळकडा:
कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरातून दक्षिणेला पाहिलं की सांताक्रूझ डोंगररांगेत एका माथ्यावर चौकोनी ठोकळा दिसतो. तो माउंट उमुनम, उंची ३,४८६ फूट. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी हवाईदलाने तिथे आल्माडेन रडार ठाणं उभारलं. सोव्हिएत बाँबफेकी विमानं पॅसिफिकवरून आली, तर ती दुरूनच दिसावीत म्हणून. जवान कुटुंबांसह वर राहत. १९८०मध्ये ठाणं बंद झालं. बाकी इमारती पाडून झाल्या, उरला तो पाच मजली काँक्रीटचा बुरूज. तो पाडा म्हणणाऱ्यांना माझा ठाम विरोध आहे. शीतयुद्धाची भीती किती खरी होती, हे पाठ्यपुस्तकातल्या एका परिच्छेदाने कळत नाही. ऐंशी टनांवर वजनाचा अँटेना पेलण्यासाठी बांधलेल्या त्या भिंतींखाली उभं राहिलं की कळतं.

रानवाटा:
भीतीचं स्मारक हवं, मान्य. पण ते कुणाच्या देवस्थानावर? अमाह मुत्सुन या इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या सृष्टीकथेत हाच डोंगर आहे. उमुनम म्हणजे हमिंगबर्डचं विसाव्याचं ठिकाण. आधी स्पॅनिश ख्रिस्ती मिशनच्या काळात या लोकांना तिथून हुसकावलं, मग हवाईदलाने माथा सपाट केला. ते पुन्हा वर जाऊन प्रार्थना करू लागलेत, आणि समोर काय, तर लष्कराची भिंत. बुरूज पाडावा ही मागणी त्यांच्याकडूनच आलेली आहे. ती तुमच्या लेखात एका ओळीतही नाही, याचं वाईट वाटलं.

कातळकडा:
ते राहून गेलं, चूक माझी. पण २०१७मध्ये माथा खुला झाला तेव्हा त्यांच्यासाठी वर प्रार्थनेचं वर्तुळाकार स्थान केलं आहे. दोन्ही इतिहास शेजारी राहू शकतात.

रानवाटा:
शेजारी? एक जमिनीलगतचं दगडी वर्तुळ आणि दुसरा सगळ्या खोऱ्यातून दिसणारा बुरूज. ही बरोबरी नव्हे.

तरंगलांबी:
मी रेडिओवाला माणूस, म्हणून थोडं तांत्रिक. इथला एफपीएस-२४ जातीचा रडार साधारण २२० मेगाहर्ट्झच्या आसपास चालायचा, म्हणजे त्या काळच्या टीव्ही वाहिन्यांच्या अगदी शेजारी. अँटेना मिनिटाला पाच फेरे घ्यायचा, त्यामुळे दर बारा सेकंदांनी खालच्या घरांतल्या रेडिओ-टीव्हीत खरखर यायची. त्या पिढीने हे ठाणं डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त अनुभवलं. अँटेना कधीच उतरवला. आता बुरूज आतून बंद, खिडक्या नाहीत. रिकाम्या काँक्रीटवरून हे लोकांना कसं कळणार? माझं मत पाडण्याकडे झुकतं, पण आधी त्याची नीट मोजमापं, छायाचित्रं आणि तिथे नोकरी केलेल्यांच्या आठवणी नोंदवून ठेवाव्यात.

जुनीपाने:
नोंदी कपाटात जातात हो. वास्तू समोर असली की नातू आजोबांना विचारतो, "हे काय आहे?" शिवाय २०१६मध्ये काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाने, बुरूज वारसा यादीत घेतला. लोकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे ते झालं.

रानवाटा:
त्याआधीचं २०१२ही सांगा ना. जमिनीची मालकी असलेल्या मोकळ्या जागा जपणाऱ्या संस्थेने तेव्हा ठरवलं होतं की पाच वर्षांत बाहेरून पैसा उभा राहिला तर बुरूज ठेवू, नाही तर पाडू. १९८६मध्ये त्यांनी जमीन घेतली ती डोंगर पुन्हा डोंगर व्हावा म्हणून. ॲस्बेस्टॉस आणि शिशाचा रंग काढण्यातच किती वर्षं गेली! डागडुजीचा खर्च त्याच संस्थेवर पडला, तर तो दुसऱ्या एखाद्या पायवाटेच्या वाट्याचा जाणार.

कातळकडा:
पैशाचं म्हणणं पटतं. पण तरंगलांबी यांची खरखर वाचून माझं मत उलट पक्कं झालं. तो आवाज आता कुणालाच ऐकू येणार नाही. निदान तो जिथून यायचा ती जागा तरी बोटाने दाखवता यावी. मुत्सुन मंडळींच्या मताचा भाग मी आजच मूळ लेखात, पहिल्या परिच्छेदातच जोडतो.