कोकण किनारा, ४ रात्री: कॅरॅव्हॅन घ्यावी की वाडीतली खोली?

परळचा_पाहुणा

नमस्कार मंडळी, डिसेंबरात पोरांना नाताळची सुट्टी लागली की कोकणात जायचंय. आम्ही दोघं, दोन पोरं (९ आणि ६) आणि आई, वय ६८, तिचे गुडघे दुखतात. वाळूच्या बीचवर लोळणं पुरे झालं, यावेळी काळा कातळ बघायचाय, म्हणजे हरिहरेश्वर, मग हेदवीची बामणघळ, आणि शेवट गणपतीपुळ्याला. २०२१ ला राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं ना, तेव्हापासून डोक्यात किडा आहे की झोपायची सोय असलेली गाडी भाड्याने घ्यायची, स्वतः चालवायची आणि समुद्राच्या तोंडावर लावून झोपायचं. बायको म्हणते हे सगळं मोबाईलवर बघायला बरं, रात्री पोराला शू लागली की कळेल. वाडीतली खोली घ्यावी असं तिचं मत. कोणी केलंय का असं? तारखा अजून पक्क्या नाहीत, पुढेमागे होऊ शकतात.

डोंबिवली_फास्ट

केलंय, म्हणून सांगतो. वहिनी बरोबर आहेत 😀

आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो होतो, गाडी कोणाकडून घेतली ते सोडा. रस्त्यावर ती मस्तच चालते, अडचण गावात शिरलं की सुरू होते. गुहागर काय, हेदवी काय, समुद्राकडे जाणारी वाट म्हणजे दोन्हीकडे जांभ्याचे गडगे (दगडी कुंपणं), मधून एक गाडी जेमतेम, वर पोफळी वाकलेल्या आणि समोरून एसटी आली तर मागे कोण घेणार? मीच घेतली, अर्धा किलोमीटर, बायको खाली उतरून हात दाखवतेय आणि गावातली चार पोरं ज्ञान देतायत. त्यात फेरीबोट. ओहोटीला जेटीचा उतार बराच उघडा पडतो आणि या गाड्यांचा चाकामागचा भाग लांब असतो, तो टेकला. खालची पाण्याची टाकी खरवडली आणि डिपॉझिट गेलं. मालकाने आधी सांगितलं असतं तर भरतीला चढलो असतो.

अजून एक, टॉयलेटची टाकी भरली की ती रिकामी कुठे करणार? समुद्रात किंवा कोणाच्या वाडीत सोडायची नाही, एवढं तरी आपल्याला कळतं. शेवटी आम्ही ते टॉयलेट वापरलंच नाही, म्हणजे ज्याच्यासाठी जास्त पैसे मोजले तेच बंद.

सड्यावरचा

मी रत्नागिरीकडचा, नोकरीसाठी २० वर्षं मुंबईत. गाडी की खोली हा प्रश्न नंतर बघा, आधी तिथी बघा. वाळूच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटी चुकली तर फारतर चालायला जागा कमी मिळते, कातळावर चुकली तर जे बघायला गेलात ते दिसतच नाही, किंवा जिवावर बेततं.

तुम्ही निवडलेल्या दोन जागांना नेमकं उलटं पाणी लागतं बघा. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा देवळामागून दोन कड्यांच्या फटीतून पायऱ्या उतरून खाली कातळावरून जाते, ती फक्त ओहोटीला. तिथे लाटेने ओढून माणसं गेलीयत, बोर्ड उगाच लावलेले नाहीत. बामणघळ म्हणजे खडकातली अरुंद चीर, तिच्यात भरतीचं पाणी घुसलं की उंच फवारा उडतो, ओहोटीला गेलात तर नुसती भेग बघून याल.

आमच्याकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. एकादशी असेल तर ११ ची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठला भरती आणि साधारण सव्वासहा तासांनी, अडीचच्या आसपास, ओहोटी. रोज वेळ ४५-५० मिनिटं पुढे सरकते. आता जुळवा. एकादशीला हरिहरेश्वर, दुपारी दीडला प्रदक्षिणेला उतरा आणि तीनच्या आत वर या, अंधाराची भीती नाही (डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो). त्रयोदशीला किंवा चतुर्दशीला हेदवी, भरती सकाळी पावणेदहा ते साडेदहा, शिवाय पौर्णिमा जवळ म्हणून उधाणाचं पाणी, घळ बघायला याहून चांगला मुहूर्त नाही. अष्टमीला गेलात तर भांगाचं पाणी, म्हणजे भरती कमी चढते, फवारा नावाला. हिशोब ढोबळ आहे, निघायच्या आधी भरतीच्या तक्त्याशी ताडून बघा आणि गावातल्या कोळ्याला विचाराच. तो नको म्हणाला तर नको.

आईंना प्रदक्षिणेला नेऊ नका, पायऱ्या उंच आहेत आणि खाली शेवाळ असतं. देवळात बसू दे त्यांना. घळीच्या कडेला पोरांचा हात सोडू नका, फोटोसाठी तर अजिबात नाही.

डोंबिवली_फास्ट

पाऊणपट 👌 हे शाळेत का नाही शिकवलं?

गिअर_पाचवा

कॅरॅव्हॅनला एवढं पण झोडू नका हो. माझं मत, गाडी घ्या पण लहान, टेम्पो ट्रॅव्हलरच्या आकाराची नको, आणि रात्री ती रिसॉर्टच्या किंवा घरगुती मुक्कामाच्या आवारात विचारून लावा, तिथलंच बाथरूम वापरा, तिथलीच वीज घ्या. इंजिन बंद असताना एसीच्या नादाला लागू नका, १०० अँपिअर-तासाच्या साध्या बॅटरीत पंखा आणि दिवे रात्रभर आरामात चालतात, एसी नाही. साधं एलएमव्ही (हलक्या गाडीचं) लायसन ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला चालतं. पण नंबरप्लेट बघा! स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाला हात वर करणार.

रस्त्याचं म्हणाल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) मांडव्याला उतरा, वडखळचा जॅम वाचतो. मग अलिबाग, मुरुड, आगरदांडा, तिथून फेरीने दिघी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. पुढे बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि हेदवीनंतर तवसाळ-जयगड, या सगळ्या फेऱ्यांत गाडी चढते. बुकिंग करताना गाडीची लांबी-उंची सांगा, नाहीतर धक्क्यावर वाद.

सड्यावरचा

हो, आणि गाडी वाळूवर घालू नका, दर सुट्टीत एकजण तरी भरतीत अडकतोच, मग ट्रॅक्टर बोलवा. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, तंबू ठोकायचा विचार असेल तर खुंटी जात नाही, जांभा आहे तो. आणि रात्री बॅटरीशिवाय, चपलेवर फिरू नका. फुरसं असतं, विषारी साप. वीतभर-हातभर लांब, दगडाच्याच रंगाचं, पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. चावलं तर मांत्रिक नको, दाबून बांधणं नको, थेट सरकारी दवाखाना.

परळचा_पाहुणा

बाबो! सगळ्यांचे आभार. ठरलं, आमचीच गाडी आणि प्रत्येक ठिकाणी वाडीतली खोली, खालच्या मजल्यावरची. पोरांची हौस म्हणून एक रात्र अंगणात तंबू, बायकोला तेवढं मान्य आहे. पहिल्या दिवशी रो-रोने निघून हरिहरेश्वरला नुसतं पोचायचं म्हणजे दशमीला निघावं लागेल, दुसऱ्या दिवशी प्रदक्षिणा. कालनिर्णय काढून तारखा आखत बसलो होतो तर आई म्हणाली पाऊणपटीचं मला माहितीय, माझे वडील सांगायचे, तुम्ही कधी विचारलंत? आता तिचा एकच प्रश्न आहे, एकादशीला तिचा उपास असतो. हरिहरेश्वरला साबुदाण्याची खिचडी कुठे बरी मिळते, कोणी सांगेल का?