मदत हवी आहे: रकमेचा टेक्स्टबॉक्स एकदाच लिहायचाय, युजरकंट्रोल करू की वारसा घेऊ?

नमस्कार मंडळी,

एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात आहे. सी शार्प, विनफॉर्म्स (विंडोजवरच्या खिडक्या, म्हणजे फॉर्म, बनवायची लायब्ररी), डॉटनेट फ्रेमवर्क ४.८. साठेक फॉर्म, आणि रकमेचा टेक्स्टबॉक्स नाही असा फॉर्म शोधून सापडायचा नाही. प्रत्येकाच्या कीप्रेसमध्ये, म्हणजे कळ दाबली की चालणाऱ्या भागात, तोच बारा ओळींचा कोड चिकटवलेला: आकडा असेल तर येऊ दे, टिंब एकच, बाकी सगळं अडव.

गेल्या आठवड्यात कॅशियर ताईंचा फोन आला. "रक्कम नीट दिसतेय, पण सेव्ह केलं की एरर." जाऊन बघतो तर बॉक्समध्ये रक्कम चक्क मराठी आकड्यांत! खातेदाराचं नाव मराठीत टाइप केल्यावर कीबोर्ड परत इंग्रजीवर आणायचा राहिला होता. आमचा कोड कॅर.इझडिजिटला विचारतो, आणि त्याच्या लेखी देवनागरी पाचही आकडाच, कारण युनिकोडमध्ये तो तसाच नोंदलेला आहे. पुढे मजकुराची संख्या करणाऱ्या डेसिमल.पार्सला मात्र फक्त इंग्रजी आकडे कळतात, तिथे तो आपटतो.

दुरुस्ती दोन ओळींची, लावायची साठ ठिकाणी. निम्म्यावर आलो तेव्हा लक्षात आलं की ठेवपावतीच्या फॉर्मवर कुणीतरी कॉपी करताना टिंबाची अटच गाळलीय. हे किती दिवस असं होतं, देव जाणे.

म्हणून एकच कंट्रोल (फॉर्मवर ठेवायचा तयार घटक) बनवायचं म्हणतोय. सर म्हणतात, "चालत्या गाडीला हात लावू नकोस." त्यांना काय सांगू? आणि युजरकंट्रोल करू की टेक्स्टबॉक्सचाच वारसा घेऊ, म्हणजे त्याचं सगळं आयतं घेऊन वर आपलं तेवढं जोडू? शाखा निवडायच्या कॉम्बोचं (खाली उघडणाऱ्या यादीचं) युजरकंट्रोल करून पाहिलं, तर ते ठेवलेला फॉर्म डिझायनरमध्ये, म्हणजे फॉर्म मांडायच्या पडद्यावर, उघडतच नाही. प्रोग्रॅम चालवला की सगळं ठीक.

प्रतिसाद १

रकमेसाठी सरळ वारसा घ्या. युजरकंट्रोल म्हणजे पाच-सहा कंट्रोल एकत्र बांधायची पेटी: पत्ता, पिनकोड, तालुका असं काही. एका टेक्स्टबॉक्ससाठी पेटी केलीत तर मॅक्सलेंग्थ, रीडओन्ली, सिलेक्शनस्टार्ट सगळं हाताने बाहेर काढत बसाल. वारशात ते आपोआप येतं, जुन्या फॉर्मचा कोडही मोडत नाही. डिझायनर फाइलमध्ये त्या बॉक्सचा प्रकार दोन जागी बदलायचा, झालं. ऑनकीप्रेस ओव्हरराइड करताना (त्याच्या जागी आपला कोड घालताना) बेसला, म्हणजे मूळ टेक्स्टबॉक्सच्या ऑनकीप्रेसला, कॉल करायला विसरू नका, नाहीतर फॉर्मवरचे कीप्रेस हँडलर मुके होतील.

आणि हो, उजवं क्लिक करून पेस्ट केलेला मजकूर कीप्रेसमधून जातच नाही. तुमच्या साठही फॉर्मवर ते भोक आत्ता उघडं आहे. सरांना हेच करून दाखवा, बोलायची गरज पडणार नाही.

प्रतिसाद २

डिझायनरचं दुखणं ओळखीचं आहे. कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे कंट्रोल तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये, डेटाबेसला हात घातलाय ना? डिझायनर तुमच्या फॉर्मचा कन्स्ट्रक्टर चालवत नाही, पण त्यावर ठेवलेल्या प्रत्येक कंट्रोलचा चालवतो. तिथे तुमची कॉन्फिग फाइल नसते, म्हणून कनेक्शन स्ट्रिंग, म्हणजे डेटाबेसचा पत्ता, सापडत नाही. आपण डिझायनरमध्ये आहोत का हे सांगणारा डिझाइनमोड तपासून भागणार नाही, कन्स्ट्रक्टरमध्ये तो कायम फॉल्सच असतो. लायसन्समॅनेजर.यूसेजमोड तिथे चालतं. माझं मत विचाराल तर कंट्रोलला डेटाबेस माहीतच नसावा. शाखांची यादी फॉर्मने आणून द्यावी. नाहीतर दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये ते कंट्रोल न्यायचं म्हटलं की सगळं बिऱ्हाड मागोमाग येतं.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. कन्स्ट्रक्टरच होता. यादी बाहेरून दिली, फॉर्म उघडला.

रकमेचा बॉक्स वारशाने केला. मराठी आकडा आला की अडवण्याऐवजी तिथेच इंग्रजी करून टाकतो, कॅशियर ताईंना कीबोर्ड बदलायची कटकट नको. पेस्टसाठी, विंडोजचे मेसेज जिथून जातात त्या डब्ल्यूएनडीप्रॉकमध्ये डब्ल्यूएम_पेस्टचा मेसेज पकडला. एका काउंटरवर सव्वा लाख १२५,००० असे दिसायचे, कारण त्या मशीनचं रीजन अमेरिकेचं होतं. आता कंट्रोलमध्येच भारतीय इंग्रजी कल्चर (आकडे लिहायची पद्धत) पक्कं केलंय, सगळीकडे १,२५,००० दिसतं. हे साठ ठिकाणी करायची माझी तरी छाती नव्हती.

सरांना पेस्ट करून दाखवलं. रकमेच्या जागी ताईंचं नाव उमटलेलं बघून म्हणाले, "आधी कर्जाचे फॉर्म घे."

आता एकच अडलंय: कमाल मर्यादेची प्रॉपर्टी दिलीय, पण डिझायनर प्रत्येक फॉर्मच्या फाइलमध्ये तिची शून्य किंमत लिहून ठेवतो. मूळ किंमत काय ते डिझायनरला सांगणारं डिफॉल्टव्हॅल्यू अ‍ॅट्रिब्यूट लावायचं तर डेसिमल थेट लिहू देत नाही. कुणी केलंय का?

प्रतिसाद २

प्रकार आणि स्ट्रिंग असे दोन पॅरामीटर द्या: टाइपऑफ डेसिमल, आणि अवतरणात शून्य.