मदत हवी आहे: भाच्याच्या रिपोर्टमध्ये 'अस्का पॉझिटिव्ह' आणि कँडिडा. बुरशीचं औषध द्यावं का?

नमस्कार मंडळी,

माझा भाचा, वय २४, सांगलीला ताईकडे असतो. उजवीकडे खाली पोटात दुखतं, जेवल्यावर वाढतं, मधूनच जुलाब, संध्याकाळी कणकण, आणि वजन भराभर उतरलंय. कोलोनोस्कोपीत लहान आतड्याच्या टोकाशी व्रण दिसले. बायोप्सीवरून क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज राहण्याचा आजार) की आतड्याचा टीबी हे काही ठरलं नाही. जीनएक्स्पर्ट, म्हणजे टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी, निगेटिव्ह आलं, पण तेवढ्यावरून टीबी नाही असं म्हणता येत नाही. म्हणून डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू केली आहेत, दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरलेत का ते बघणार. हे मला पटलेलं आहे.

अडचण वेगळीच आहे. मधल्या काळात कुणाच्या तरी सांगण्यावरून ताईने एका लॅबचं पोटाच्या तपासण्यांचं पॅकेज केलं. त्यात दोन ओळी ठळक अक्षरांत आल्या: 'अस्का आयजीजी: पॉझिटिव्ह' आणि शौचाच्या कल्चरमध्ये 'कँडिडा अल्बिकन्सची वाढ' (कँडिडा ही एक बुरशी). झालं! घरात आता एकच विषय, याच्या पोटात बुरशी झालीय. फ्रिजवर यादी लागलीय: इडली, डोसा, ढोकळा, पाव, दही, गूळ, केळं, सगळं बंद. आधीच हाडं दिसायला लागलेल्या पोराच्या ताटात मुगाचं पाणी आणि उकडलेला दुधी. त्यातच एका आहारसल्लागार बाईंनी फ्लुकोनाझोल या बुरशीच्या औषधाचा कोर्स करा म्हणून सांगितलंय.

मी डॉक्टर नाही, पण जीव तुटतो म्हणून बरंच वाचून काढलं. माझी समजूत अशी झालीय, चुकत असेल तर जाणकारांनी सांगा.

अस्का म्हणजे पावाच्या यीस्टच्या (यीस्ट हीही बुरशीच), सॅकरोमायसिसच्या, बाह्य आवरणातल्या मॅनन नावाच्या शर्करेविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी. म्हणजे तो संसर्गाचा पुरावा नव्हे, पाव खाल्ल्याने आजार झाला असाही अर्थ नव्हे. क्रोन्सच्या बऱ्याच रुग्णांत त्या सापडतात, त्यांच्या निरोगी नातेवाइकांतही कधीकधी सापडतात, आणि कँडिडामुळेही तयार होऊ शकतात. आपल्या दृष्टीने कामाची गोष्ट म्हणजे दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २००७ मध्येच दाखवलंय की या चाचणीवरून क्रोन्स आणि आतड्याचा टीबी वेगळे ओळखता येत नाहीत. मग ज्या एका प्रश्नाचं उत्तर आम्हाला हवंय, तेच ही चाचणी देत नाही. तरी ती पॅकेजात घालून कुणालाही विकतात, याचा मला मनापासून राग येतो.

कँडिडाचं तर असं की तो धडधाकट माणसांच्या आतड्यातही असतो. बॅक्टेरियाच्या तुलनेत तिथे बुरशी अगदी थोडी. गोल पेशींच्या रूपात तो बहुधा गुमान राहतो. त्याला तंतू फुटले की मात्र त्यातून कँडिडालायसिन नावाचं विष सुटतं, ते पेशींना भोकं पाडतं. हे २०१६ मध्ये कळलं. नुसत्या 'वाढ झाली' या ओळीवरून यातलं काय चाललंय ते समजत नाही.

बुरशीचा काहीच संबंध नाही असंही मी म्हणत नाही. डोक्यातल्या कोंड्याशी संबंधित मॅलासेझिया नावाची बुरशी क्रोन्सच्या काही रुग्णांच्या आतड्यात जास्त सापडली (२०१९), आणि चीजमध्ये असणारं डेबॅरिओमायसिस नावाचं यीस्ट क्रोन्सच्या व्रणांत सापडलं, उंदरांत त्याने जखमा भरायला वेळ लागला (२०२१). पण उलटंही आहे: २०१६ च्या एका प्रयोगात उंदरांना फ्लुकोनाझोल दिल्यावर आतड्याची सूज वाढलीच, कारण एक बुरशी मारली की दुसरीला रान मोकळं. त्यातून भाच्याचं रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध चालू आहे. त्याने फ्लुकोनाझोलची रक्तातली पातळी उतरते, आणि यकृतावर ताण पडतो तो दोन्हीकडून. टीबीच्या डॉक्टरांना न विचारता असली गोळी पोटात जाऊ नये म्हणून मी ताईच्या मागे लागलोय, पण 'तू पुण्यात बसून काय सांगतोस' असं ऐकून घ्यावं लागतं.

आता प्रश्न.

असे रिपोर्ट हातात असताना तुमच्या पोटाच्या डॉक्टरांनी बुरशीचं औषध दिलं होतं का? दिलं असेल तर नेमकं कशावरून?

जुलाबासाठी आधी एकदा बुलार्डी या प्रोबायोटिकची पाकिटं दिली होती, त्यातली काही घरात पडून आहेत. तेही जिवंत यीस्टच आहे. शिरेत सेंट्रल लाइन असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खूप कमी झालेल्या रुग्णांना ते देत नाहीत, कारण रक्तात शिरू शकतं, एवढं माहीत आहे. पुढे क्रोन्स ठरून स्टिरॉइड सुरू झाले तर ही पाकिटं चालतात का? कुणाला काय सांगितलं होतं?

आणि सगळ्यात निकडीचं: सांगली, कोल्हापूर किंवा पुण्यात आतड्याच्या अशा रुग्णांचा आहार बघणाऱ्या, रीतसर शिकलेल्या आहारतज्ज्ञ कुणाला माहीत आहेत का? आतडं अरुंद झालं असेल तर चोथा कमी हवा हे समजतं, पण भात, अंडं, ताक, मऊ इडली यांवर बंदी कशासाठी? वाफवल्यावर यीस्ट कुठलं जिवंत राहतंय! नाव धाग्यावर नको, व्यनि (खासगी निरोप) करा.

ताईला हा धागा दाखवणार आहे, तेव्हा कृपया स्वतःचा किंवा घरातला अनुभव असेल तरच लिहा, आणि निदान काय होतं तेही लिहा. पुढची तपासणी जवळ आलीय. त्याआधी त्याचं वजन आणखी उतरू नये, एवढंच बघायचंय.