विषय: बुधवारच्या रात्री कुकरमधली कोंबडी

प्रेषक: एक सभासद, श्टुटगार्ट (मूळ गाव निपाणी)

मंडळातील सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

एक घरगुती अडचण मांडतो. आम्ही दोघेही नोकरीला जातो आणि मुलीला पाळणाघरातून घेऊन घरी पोहोचेपर्यंत साडेसहा वाजतात. साडेसातपर्यंत पान वाढले नाही तर ती उपाशीच झोपते. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा आणि शनिवार मारुतीचा हे आईचे वार आम्ही इकडेही पाळतो, त्यामुळे कामाच्या दिवसांत कोंबडीसाठी मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार एवढेच उरतात. गेल्या बुधवारी मी गावाहून आणलेल्या ५ लिटरच्या कुकरमध्ये कांदा-मसाला परतला, बिनहाडाच्या छातीचे तुकडे टाकले, वर तांदूळ आणि पाणी घालून झाकण लावले. पहिली शिट्टी यायला बराच वेळ लागला आणि त्यानंतर आमच्या काचेच्या विजेच्या शेगडीवर त्या थांबेनात. झाकण उघडले तेव्हा भात तळाला काळा, वर कणीदार आणि मांस खोडरबरासारखे झाले होते. शिवाय बिनहाडाची कोंबडी आठवड्यातून तीनदा आणणे खिशालाही जड जाते. एकाच भांड्यात, तासाभराच्या आत आणि बेताच्या खर्चात होईल असे काही गावाकडची जाणती मंडळी सांगतील काय?

आपला नम्र.

प्रेषक: एक सभासद, शहापूर, बेळगाव

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचून मला माझ्या नोकरीची वर्षे आठवली. शहापुरातून रोज कामावर जाणारी मी, घरी सासूबाई, दोन मुले आणि एकच कुकर. त्यामुळे तुम्ही केलेल्या सगळ्या चुका मी तुमच्या आधी करून बसले आहे.

पहिली गोष्ट मांसाची. छातीचे मांस कोरडे असते आणि कुकरच्या वाफेत चार मिनिटे जास्त झाली तरी त्याचा चोथा होतो, तर तंगडीच्या मांसात स्नायुबंध आणि चरबी असल्यामुळे ते जरा जास्त शिजले तरी मऊच राहते. हाडातून रश्श्याला जो अंगचा दाटपणा येतो, तो बिनहाडाच्या मांसातून कितीही वाटण घातले तरी येत नाही. माझा मुलगा काही वर्षे तुमच्याच देशात होता, त्याने मला सांगितले होते की तेथे हेन्शेनशेंकेल या नावाने अख्ख्या तंगड्यांची पाकिटे मिळतात आणि ती छातीपेक्षा बरीच स्वस्त पडतात. तीच आणा, सांध्यावर सुरी ठेवून दोन तुकडे करा आणि कातडी काढून टाका. तेथे रविवारी दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारी आणून एकेका वेळचे अर्धा-अर्धा किलो वेगळे बांधून बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि लागेल त्याच्या आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवा. आणखी एक, आमच्या पिढीला पटायला अवघड गेलेली गोष्ट: कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नका. धुतल्याने जंतू जात नाहीत, उलट उडालेल्या शिंतोड्यांबरोबर ते ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर जाऊन बसतात. त्यांचा बंदोबस्त आचेनेच होतो. सासूबाई असेपर्यंत मी मात्र हळद लावून धूतच होते, कारण त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा ओटा दोनदा पुसणे सोपे होते.

दुसरी गोष्ट वाटणाची. संध्याकाळी सात वाजता खोबरे भाजायला घेणाऱ्याचे जेवण साडेसातला होत नाही. रविवारी दोन वाट्या सुक्या खोबऱ्याचा कीस मंद आचेवर तांबूस भाजा, चार मोठे कांदे उभे चिरून तेलात काळसर होईपर्यंत परता, लसणाचा एक गड्डा, दोन इंच आले, मूठभर कोथिंबीर आणि दोन चमचे तीळ घेऊन सगळे कमीत कमी पाण्यात वाटा. बर्फाच्या साच्यात भरून गोठवले की एकेक वडी साधारण दोन चमच्यांची होते आणि अर्धा किलोला तीन वड्या पुरतात. तिखटासाठी तुमच्या आईने पाठवलेली कांदा-लसूण चटणी असेलच. आमच्या घरी उन्हाळ्यात ती कांडून आणताना रंगाला ब्याडगी आणि तिखटपणाला संकेश्वरी मिरची घेतात. लहान मुलीसाठी तुम्ही नुसती ब्याडगीची पूड वापरा, तिने रंग येतो पण जीभ भाजत नाही.

आता खर्चाचा मुद्दा, आणि यात मला सर्वांत जास्त रस आहे. कोंबडी कमी करायची असेल तर रश्श्यात पाणी वाढवू नका, अख्खा मसूर घाला. आपल्याकडे, कोल्हापुरापासून बेळगावपर्यंत, अख्खा मसूर ढाब्यावर वेगळा मागवून रोटीशी खातात, पण तो कोंबडीच्या रश्श्यात शिजला की हाडाचा सगळा अर्क पिऊन घेतो. अर्धा किलो तंगड्यांना पाऊण वाटी मसूर घातला तर चार माणसांचे पोटभर जेवण होते आणि कोणी तुकडे मोजत बसत नाही. मसूर सकाळी निघताना पाण्यात टाका. तो मिळाला नाही तर तेथील दुकानांतली टेलरलिन्झेन नावाची तपकिरी-हिरवी मोठी मसूर चालते. माझ्या मुलाने तीच वापरली होती.

कृती अशी. कुकरमध्ये दोन चमचे तेल तापवून एक बारीक चिरलेला कांदा परता, वाटणाच्या वड्या टाका आणि कडेने तेल सुटेपर्यंत थांबा. मग तुकडे, हळद, मीठ आणि लाल पूड घालून पाच मिनिटे परता. या वेळात कोंबडीला पाणी सुटते. त्यानंतर निथळलेला मसूर आणि अडीच वाट्या कडकडीत पाणी घाला आणि कालथ्याने तळ खरवडा. ही पायरी कोणीही गाळू नये, कारण तळाला चिकटलेले वाटण हेच करपण्याचे मूळ असते. कालथा तळावरून फिरताना खरखर लागत असेल तर अजून खरवडा; तो गुळगुळीत फिरू लागला की मगच पुढे जा.

भात त्यात मिसळू नका. कुकरमध्ये उंच तिवई ठेवा, तिच्यावर एक वाटी धुतलेले तांदूळ आणि दोन वाट्या पाणी घातलेला डबा ठेवा आणि त्यावर ताटली झाका. खाली रस्सा आणि वर भात, दोन्ही एकाच वाफेवर होतात. एकाच भांड्यात सगळे कालवणे म्हणजेच एका भांड्याचा स्वयंपाक, असे थोडेच आहे?

शिट्ट्या मात्र मोजू नका. गॅसची ज्योत बारीक केली की आच लगेच उतरते, पण विजेची शेगडी बंद केल्यावरही काच कितीतरी वेळ तापलेलीच राहते, म्हणून तुमच्या शिट्ट्या थांबेनात. पहिल्या शिट्टीला आच सर्वांत कमी करा आणि कुकर अर्धा मिनिट बाजूला उचलून ठेवा; नंतर परत ठेवून घड्याळाने दहा मिनिटे मोजा आणि शेवटी कुकर त्या गरम जागेवरून पूर्णपणे हलवा. वाफ आपोआप जिरू द्या. झाकण उघडल्यावर मुलीची वाटी आधी भरा आणि मग उरलेल्या रश्श्यात चटणी घालून तीन मिनिटे उकळा.

उरलेला भात दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी ठेवणार असाल तर रात्रभर ओट्यावर राहू देऊ नका, दोन तासांच्या आत शीतकपाटात गेला पाहिजे.

तुमची ताई.

प्रेषक: एक सभासद, खानापूर

ताईंच्या पत्रातील प्रत्येक शब्द मान्य असूनही एक तक्रार नोंदवतो. एवढा खटाटोप करून त्यात ब्रॉयलर घालायची, याला काय अर्थ आहे? आमच्याकडे पाहुणा आला तर जवारी, म्हणजे गावठी, कोंबडीच लागते, आणि शेजारच्या कन्नड घरातला कोळी सारू, म्हणजे कोंबडीचा रस्साही, तिच्याशिवाय होत नाही. जर्मनीत अंडी देऊन झालेली जून कोंबडी सुपेनहून या नावाने मिळते असे ऐकतो. चवीला तीच जवळची.

प्रेषक: एक सभासद, शहापूर, बेळगाव

दादा, चवीबद्दल तुमच्याशी वाद नाही. परंतु सहा आठवड्यांच्या आसपास कापली जाणारी ब्रॉयलर दहा मिनिटांत शिजते आणि जून कोंबडी कुकरमध्येही अर्धा-पाऊण तास मागते. तोवर यांची मुलगी झोपलेली असेल. सुपेनहून रविवारसाठी ठेवावी. तिचे पाणी गाळून गोठवले तर बुधवारी कडकडीत पाण्याच्या जागी तेच वापरता येईल.

प्रेषक: एक सभासद, श्टुटगार्ट

ताई, दादा, मनःपूर्वक आभार. काल शुक्रवारी सांगितल्याप्रमाणे केले. वाटण आदल्या रविवारी करून ठेवले होते, त्यामुळे कुकर चढवण्यापासून पान वाढेपर्यंत ४५ मिनिटे लागली आणि तळ स्वच्छ निघाला. मांस हाडावरून अलगद सुटत होते. टेलरलिन्झेन मात्र थोडी जास्तच शिजली आणि रस्सा आमटीसारखा घट्ट झाला. मुलीने तो भातावर दोनदा घेतला, पण मला तर्री दिसली नाही याची चुटपुट लागली. मसूर कमी भिजवावी की वेळ कमी करावा?

प्रेषक: एक सभासद, शहापूर, बेळगाव

वेळ कमी करू नका, नाहीतर हाडाजवळ मांस गुलाबी राहील. मसूर न भिजवता तशीच धुऊन टाका आणि पाणी अर्धी वाटी वाढवा. तर्री हवी असेल तर चटणी शेवटी घालण्याऐवजी मोठ्यांच्या पानासाठी चमचाभर गरम तेलात कालवून वरून सोडा.