डेस्कटॉप सुरू होतो पण विंडोज येत नाही, फॉरमॅट न करता काही होईल का?

निळी_शाई
नमस्कार मंडळी, घरचा डेस्कटॉप परवापासून बंद पडलाय. म्हणजे बटण दाबलं की पंखा फिरतो, लोगो पण येतो, मग निळी स्क्रीन, त्यावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस', मग आपोआप रीस्टार्ट, मग 'ऑटोमॅटिक रिपेअर', बराच वेळ ते गोल गोल फिरत राहतं आणि शेवटी म्हणतं दुरुस्त करता आलं नाही. परत पहिल्यापासून तेच. विंडोज १० आहे, मशीन जुनं आहे. आदल्या रात्री बराच वेळ लाइट गेली होती. हो आणि हल्ली घड्याळ पण चुकायचं, तारीख कुठल्यातरी जुन्याच वर्षाची दाखवायचं, मी नीट करून घ्यायचे. ज्याला विचारावं तो म्हणतो फॉरमॅट मार. पण त्यात बाबांचे सगळे फोटो आहेत, ते आता नाहीत, आणि दुसरी कॉपी कुठेच नाही. प्लीज काहीतरी सांगा.

रात्रपाळी
ताई फॉरमॅट अजिबात करू नका, आणि 'रीसेट धिस पीसी' ला पण आत्ता हात लावू नका, 'कीप माय फाइल्स' लिहिलेलं असलं तरी. आधी फोटो बाहेर काढायचे, मग बाकीचं. विंडोज सुरू न होताही ते जमतं. ऑटोमॅटिक रिपेअरच्या स्क्रीनवर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, ट्रबलशूट, परत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे कमांड प्रॉम्प्ट. काळ्या खिडकीत नोटपॅड असं इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. नोटपॅड उघडलं की फाइल, ओपन, खाली 'ऑल फाइल्स' निवडा, झालं, आता त्या छोट्या खिडकीतून सगळी डिस्क दिसते. युजर्समधलं तुमचं फोल्डर शोधा, राइट क्लिक, कॉपी, आणि एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर पेस्ट. तिथे सी ड्राइव्ह कधीकधी डी म्हणून दिसतो, घाबरू नका. कॉपी होताना प्रोग्रेस काही दिसत नाही, सगळं हँग झाल्यासारखं वाटतं, तरी थांबून राहा, मध्येच बंद करू नका.

अर्धा_चहा
एवढं कशाला, चेकडिस्क मारा आणि बूटरेक, विंडोजच्याच दुरुस्तीच्या कमांड आहेत, होऊन जाईल.

पेचकस
नको. चेकडिस्क फाइल सिस्टिममध्ये बदल करतं, डिस्क खरंच मरायला टेकली असेल तर त्या घासाघाशीत आहे तेही जाईल. कॉपी हातात आल्याशिवाय डिस्कवर काहीही लिहायचं नाही. टक टक आवाज येत असेल तर मशीन बंदच ठेवा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

पण ताई मला डिस्क गेलीय असं वाटत नाही. तुम्ही घड्याळाचं लिहिलंय ना, खरी गोम तिथेच आहे. मदरबोर्डवर नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी असते, बहुतेक वेळा सीआर२०३२, ती संपली की तारीख मागे जाते. प्लगमध्ये करंट असतो तोवर बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामची, सेटिंग टिकून राहतात, पण लाइट बराच वेळ गेली आणि बॅटरी मेलेली असली की सगळं कंपनी डिफॉल्टला जातं. त्यात साटा मोड, म्हणजे मशीनची डिस्कशी बोलायची पद्धत, बदलला, समजा विंडोज टाकताना एएचसीआय (AHCI, साधी पद्धत) होता आणि आता रेड (RAID, अनेक डिस्क जोडून वापरायची पद्धत) झाला किंवा उलट, तर विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही आणि हाच एरर येतो.

तर चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा, काही मशीनना वेगळी की असते. तारीख बघा. डिस्कचं नाव दिसतंय का बघा. साटा मोड काय आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि मगच तो बदलून सेव्ह करा. एकच डिस्क असेल तर एवढ्याने डेटा जात नाही, दोन डिस्क जोडून रेड केलेलं असेल तर मात्र हात लावू नका. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागेल, ती बहुतेक तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर मिळेल.

निळी_शाई
आवाज काही येत नाही. आधी रात्रपाळींनी सांगितलं तसं नोटपॅडमधून फोटोंचं फोल्डर बाहेर काढलं, लॅपटॉपवर उघडून बघितलं, सगळे आहेत!! मग बायोस. तारीख खरंच जुनी होती, डिस्क एकच आणि ती दिसत होती, मोड रेड होता. एएचसीआय केलं आणि विंडोज सरळ उघडलं, माझाच विश्वास बसेना. दोघांचे किती आभार मानू. आता बॅटरी बदलू ना?

पेचकस
वा, मस्त! हो बदला, पण तोवर मागचा स्विच किंवा प्लग काढू नका, नाहीतर सेटिंग परत उडतील. बदलताना मात्र प्लग पूर्ण काढायचा, बॅटरीची प्लसची बाजू वर, आणि नंतर पहिल्यांदा चालू कराल तेव्हा थेट बायोसमध्ये जाऊन तारीख आणि साटा मोड परत लावा, मगच विंडोजमध्ये जा.

रात्रपाळी
आणि त्या फोटोंची अजून एक कॉपी करून दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा ताई, आजच.