डिस्टोपिया : दुःस्वप्नराज्य की जाचराज्य?

प्रश्न : मार्गारेट अ‍ॅटवुड यांच्या ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) या कादंबरीवर लिहितेय. ‘डिस्टोपिया’ला (म्हणजे कल्पनेतल्या भयाण, जुलमी समाजाला) ‘दुःस्वप्नराज्य’ चालेल का? ‘अंधेर नगरी’ही सुचलं होतं.

उत्तर : ‘अंधेर नगरी’ नको. अंधेर म्हणजे कायद्याला कुणी विचारत नाही अशी अवस्था. कादंबरीतल्या गिलियड या राष्ट्रात, जिथे ‘हँडमेड’ बायकांना मुलं जन्माला घालायला बड्या अधिकाऱ्यांच्या घरी नेमतात, नियमांचा सुकाळ आहे. बाईने कुठल्या रंगाचा झगा घालायचा, बाजारात कुणासोबत जायचं, भेटल्यावर काय म्हणायचं, सगळं ठरलेलं. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरंसुद्धा काढून चित्रं लावलीत, कारण बायकांना वाचायची बंदी.

‘दुःस्वप्न’ मला साफ नामंजूर आहे. स्वप्न म्हटलं की वाचक सुटतो, जाग आली की संपलं. अ‍ॅटवुड सांगत आल्यात की माणसांनी कुठे ना कुठे आधी केलेलं नाही असं काहीच त्यांनी कादंबरीत घातलं नाही. रुमानियाचंच बघा. १९६६ मध्ये तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याच्या सरकारने ७७० क्रमांकाच्या हुकमाने गर्भपात बंद केला. सूट मुख्यतः चार मुलं झालेल्या किंवा पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायकांना. ऐंशीच्या दशकात तर दिवस गेलेत का हे बघायला कारखान्यांत बायकांची तपासणी व्हायची, आणि एकदा नोंद झाली की त्या पोटावर सरकारची नजर. चोरून पाडायला गेलेल्या हजारो जणी जिवाला मुकल्या. हा हुकूम उठला डिसेंबर १९८९ मध्ये, राजवट कोसळल्यावर. कादंबरी आली तेव्हा तो लागू होता!

माझं मत ‘जाच’ या शब्दाला. जुलूम राजाचा असतो, जाच घरातला आणि रोजचा. पाण्याला एवढा वेळ का लागला, दारात का उभी राहिलीस, माहेरी काय कळवलंस. जात्यावरच्या ओव्यांमधला सासुरवास तो हाच. तो करायला बहुतेकदा बाईच पुढे असते. गिलियडमध्येही बायकांना वळण लावायला ‘आंट’ नेमल्यात, गुरं हाकायची विजेची काठी कमरेला लावलेल्या.

प्रश्न : पटतंय, पण ‘जाच’ फार घरगुती नाही का वाटत? त्यात सत्तेची दहशत येत नाही.

उत्तर : घरगुती आहे म्हणूनच तो हवा. अफगाणिस्तानात मे २०२२ मध्ये तालिबानने बायकांनी चेहरा झाकावा असं फर्मान काढलं. बाईने ते मोडलं तर आधी समज आणि मग शिक्षा कुणाला? तिच्या बापाला, भावाला, नवऱ्याला. म्हणजे पहारा घरातल्याच माणसाच्या गळ्यात. तो मनाने कितीही चांगला असो, स्वतःच्या कातडीसाठी तो तिला उंबऱ्याच्या आत ठेवणार. ऑगस्ट २०२४ च्या कायद्याने तर चारचौघांत बाईचा आवाजही लपवायची गोष्ट ठरवला. सहावीपुढच्या मुलींच्या शाळा त्याआधीच बंद होत्या. यातला जुलूम कुठला आणि जाच कुठला, हे वेगळं काढता येत नाही. ‘जाचराज्य’ या जोडशब्दात दोन्ही येतं.

नायिकेच्या नावाबद्दलही लिहा. ‘ऑफ्रेड’ म्हणजे फ्रेडची, ज्याच्या घरी तिला नेमलंय त्या अधिकाऱ्याची. घर बदललं की नाव बदलणार, आधीचं उच्चारायची सोय नाही. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. पुष्कळ जणी हौसेने लिहून घेतात, त्यांना मी गिलियडच्या रांगेत बसवणार नाही. पण जिला कुणी विचारलंच नाही, तिला ‘फ्रेडची’ हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

वापर असा करता येईल : ‘अ‍ॅटवुड यांनी रंगवलेलं जाचराज्य’, ‘जाचराज्याच्या कथा’. विशेषण हवं असेल तिथे ‘डिस्टोपियन’च ठेवा, ‘जाचराज्यीय’ वगैरे करू नका, कानाला टोचतं. परीक्षणात शब्द पहिल्यांदा येईल तिथे ‘डिस्टोपिया, म्हणजे जाचराज्य’ असं एकदा लिहा, पुढे नुसता मराठी शब्द पुरे.