लाखात एक फरकातून दीर्घिका?
सुरुवातीचं विश्व इतकं एकसारखं होतं, तर दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह) आल्या कुठून, हा प्रश्न रास्त आहे. ते अगदीच एकसारखं नव्हतं. १९९२ मध्ये कोबे उपग्रहाच्या मोजणीत पार्श्वप्रारणाच्या (सुरुवातीच्या विश्वातून उरलेल्या, आकाशात सगळीकडून येणाऱ्या प्रारणाच्या) २.७ केल्विन तापमानात साधारण लाखात एक भाग इतके चढउतार सापडले. खरी गोम पुढे आहे. साधं द्रव्य सुमारे ३,८०,००० वर्षं प्रकाशाच्या कचाट्यात होतं. गोळा होऊ लागलं की प्रारणाचा दाब त्याला उधळून लावी. नुसतं त्याच्यावर अवलंबून दीर्घिका वेळेत बनल्याच नसत्या. कृष्णद्रव्याला, म्हणजे न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याला, प्रकाशाशी देणंघेणं नाही, म्हणून त्याच्या गुरुत्वाकर्षणाचे खड्डे आधीच खोल होत गेले आणि प्रकाशाच्या कचाट्यातून मोकळा झालेला साध्या द्रव्याचा वायू त्यांत ओढला गेला. नारळीकर-हॉइल-बर्बिज या शास्त्रज्ञांचं, एकच महास्फोट न मानणारं विश्वाचं प्रतिमान मलाही आवडतं, पण पार्श्वप्रारणातले ते चढउतार आकाशात साधारण १ अंश आकाराच्या ठिपक्यांत सर्वांत ठळक दिसतात, आणि हे शिखर त्यात ओढूनताणूनच बसवावं लागतं.